यंत्र कोणाच्या मिठाला जागतं?

इंदूरच्या मराठी घरांत फोनवरचा किंवा स्पीकरमधला अलेक्सासारखा बोलका मदतनीस बहुधा हिंदीवर लावलेला असतो. घरात बोलणं मराठीत, दारावरच्या भाजीवाल्याशी हिंदीत आणि यंत्राशी दोन्हींची सरमिसळ. अशा घरात फोडणी देता देता कोणी ‘एक किलो मीठ यादीत घाल’ म्हटलं, की यंत्राची पंचाईत होते. हिंदीत मीठ नाही, नमक आहे. ‘मीठ’च्या सगळ्यात जवळचा हिंदी शब्द ‘मीठा’, म्हणजे भलत्याच चवीचा. उपवासाची भगर मागितली तरी हीच गत. इंदूरच्या बाजारात तिला मोरधन म्हणतात, पाकिटावर ‘समा चावल’ छापलेलं असतं आणि घरातली आजी भगर किंवा वरईच म्हणणार.

या चुका कानाला लगेच कळतात, म्हणून त्या सुधारता येतात. दुसरी एक गोष्ट मात्र कळत नाही. यंत्राने ‘मीठ’ अगदी बरोबर ऐकलं, तर ते कोणत्या कंपनीचं घालायचं हे कोण ठरवतं? मागणाऱ्याने नाव घेतलेलं नसतं. तरीही यादीत किंवा टोपलीत एका ठरावीक कंपनीचं पाकीट येऊन बसतं. माझं म्हणणं असं की बोलून केलेल्या खरेदीत ग्राहकाचं नातं हळूहळू मालाच्या ब्रँडवरून सुटून मधल्या आवाजाशी जडतं. तो आवाज कोणाच्या मिठाला जागतो, हे त्याने दर खरेदीला तोंडाने सांगण्याची सक्ती आपल्या कायद्यात हवी.

मिठाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. पूर्वी मीठ पोत्यातून सुटं मिळायचं आणि त्याला नाव नव्हतं. आयोडीनयुक्त मीठ पाकिटात घालून ब्रँडच्या नावाने देशभर विकण्याची सुरुवात टाटा सॉल्टने १९८३ मध्ये केली. ज्या वस्तूला कोणी नावाने मागत नव्हतं तिला नावाने मागायला लोक शिकले. ब्रँडचं काम एवढंच असतं: बिननावाच्या वस्तूला नाव द्यायचं आणि ते नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसवायचं. डालडा, कोलगेट, बिसलेरी ही नावं तर अख्ख्या जातीच्या वस्तूंना चिकटली. बोलक्या यंत्रापुढे हा प्रवास उलटा होतो. ‘मीठ’, ‘टूथपेस्ट’, ‘बॅटरी’ एवढंच म्हणायची सवय लागते आणि नाव भरायचं काम यंत्राकडे जातं.

ते नाव कुठे भरलं जातं हे समजायला आतली रचना पाहावी लागते.

पहिली पायरी उपकरणातच घडते. ‘अलेक्सा’ किंवा ‘ओके गूगल’ हा हाकेचा शब्द ओळखणारा एक छोटा प्रोग्राम सतत चालू असतो आणि गेल्या काही क्षणांचा आवाजच तेवढा जवळ ठेवतो. अॅमेझॉनच्या पहिल्या एको स्पीकरमध्ये (अलेक्सा त्यातच बोलते) यासाठी सात मायक्रोफोन होते. हाक कोणत्या दिशेने आली हे त्यावरून कळतं आणि मिक्सर, कुकरची शिट्टी, चिमणीचा पंखा बाजूला काढता येतो. हाक पटली की पुढचं वाक्य कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. तिथे दुसऱ्या पायरीवर आवाजाचे शब्द होतात. इथे निवडलेली भाषा निर्णायक ठरते, कारण कोणता शब्द कशापाठोपाठ येण्याची शक्यता जास्त याचा हिशेब त्या भाषेच्या नमुन्यांवरून केलेला असतो. हिंदी नमुन्यात ‘किलो’नंतर ‘मीठ’ जवळजवळ येतच नाही.

तिसऱ्या पायरीवर वाक्याचा अर्थ लावतात: काम कोणतं, वस्तू कोणती, किती हवी. इथे आपली मोजमापं आडवी येतात. पावशेर, सव्वा, अडीच, एकोणसाठ. ‘अडीच’ला हिंदीत ‘ढाई’ आणि ‘पन्नास’ला ‘पचास’. यंत्राला ‘अडीच’ कळलं नाही तर ते एकतर परत विचारतं, नाहीतर गुपचूप ‘एक’ धरतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

चौथी पायरी म्हणजे जुळणी. ‘मीठ, एक किलो’ एवढं कळल्यावर कॅटलॉगमधल्या शेकडो नोंदींतून एक उचलायची. पहिल्या तिन्ही पायऱ्यांवरच्या चुका भाषेच्या आहेत; चौथीवरची निवड व्यापाराची आहे. गिऱ्हाइकाला या दोन्हींतला फरक कळायची सोय नाही. नको तो ब्रँड आला तर ते म्हणतं, ‘माझं नीट ऐकू गेलं नसेल.’ मराठी माणसाला, त्यातही हिंदी मुलखात राहणाऱ्याला, यंत्राने चुकीचं ऐकण्याची इतकी सवय झालेली असते की दोष तो स्वतःच्या उच्चारावर घेतो. व्यापारी निवड अशी भाषेच्या चुकीआड बेमालूम लपते. या सगळ्या प्रश्नातलं मला सर्वांत गंभीर वाटतं ते हेच.

चौथ्या पायरीचा नियम अमेरिकेत बराच उघड झाला आहे. तिथे अॅमेझॉनने २०१५ मध्ये ‘अॅमेझॉन्स चॉइस’ हा शिक्का आणला. बोलून मागवलेल्या वस्तूसाठी आधी गिऱ्हाइकाची जुनी ऑर्डर पाहायची, ती नसली तर हा शिक्का असलेली वस्तू पुढे करायची, अशी पद्धत. शिक्का किंमत, रेटिंग आणि लवकर पोचण्याची सोय पाहून दिला जातो असं कंपनी सांगते, पण त्यात कशाला किती वजन हे बाहेरच्याला दिसत नाही. त्यात कंपनीचा स्वतःच्या नावाचा मालही त्याच दुकानात विकायला असतो. पंच आणि खेळाडू एकच.

पडद्यावर वीस पाकिटं दिसतात. जाहिरातीची असली तरी बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं आणि बोट खाली सरकवून पुढची पाहता येतात. कानात मात्र एका वेळी एकच नाव मावतं, फार तर दोन. तिसरं ऐकेपर्यंत पहिल्याची किंमत विसरते. त्यामुळे आवाजाच्या बाजारात दुसऱ्या क्रमांकाला जवळजवळ काहीच किंमत नाही.

किराणा दुकानदार तरी कुठे निःस्वार्थी होता, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. सियागंजच्या ठोक बाजारातून माल उचलणारा गल्लीतला दुकानदार ज्या मालावर स्कीम असते तोच आधी पुढे करतो. पण त्याचा स्वार्थ गिऱ्हाइकाला ठाऊक असतो. ‘हा नको, पलीकडचा दाखवा’ म्हणता येतं. पोह्यात खडे निघाले तर पाकीट त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवता येतं. महिन्याची उधारी त्याच्याच वहीत असल्यामुळे त्यालाही गिऱ्हाईक तुटायला नको असतं. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या वस्त्यांतल्या कित्येक घरांनी एकच दुकान वर्षानुवर्षं धरलं ते या दुतर्फा दबावामुळे. यंत्राच्या बाबतीत दबाव एकाच बाजूने चालतो.

मग लोक त्यावर विश्वास का टाकतात? कारण ते बोलतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात साधे प्रयोग केले. एका संगणकावर काम केल्यावर त्या संगणकाबद्दलचं मत त्याच संगणकावर विचारलं, तेव्हा लोकांनी दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर दिलं असतं त्यापेक्षा चांगलं मत दिलं. यंत्राचं मन दुखवायला नको म्हणून केलेलं हे सौजन्य. यंत्राला मन नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरीही. समोरून माणसासारखा आवाज येऊ लागला की ही सवय आणखी घट्ट होते. कचरागाडीचं गाणं कानावर पडताच अख्खी गल्ली डबे घेऊन बाहेर येते, हे इंदूरकर गेली काही वर्षं रोज पाहतात. रोजचा तोच आवाज माणसाच्या सवयी किती खोलवर घडवू शकतो, याला दुसरा पुरावा नको.

ब्रँडांना कानाची ताकद पूर्वीपासून माहीत आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका टूथपेस्टच्या नावाने गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि अमीन सयानींच्या आवाजावर स्वार होऊन ते नाव घरोघरी गेलं. फरक एवढाच, की तेव्हा ब्रँडने आवाज भाड्याने घेतला होता आणि लोकांच्या लक्षात टूथपेस्टचं नाव राहिलं. आज आवाजाचा मालक वेगळा आहे आणि लक्षात त्याचंच नाव राहतं. २०२१ मध्ये अॅमेझॉनने अलेक्सावर अमिताभ बच्चन यांचा आवाज वर्षाला १४९ रुपयांत दिला, तेव्हा घरात आलेल्या त्या ओळखीच्या आवाजाची माया अॅमेझॉनच्या खात्यात जमा झाली, मीठ किंवा साबण बनवणाऱ्याच्या नव्हे.

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत किंवा रात्री सराफ्यातल्या खाण्याच्या बाजारात उभं राहिलं तर हेच दुसऱ्या रूपात ऐकू येतं. प्रत्येक ठेल्यावर पैसे आल्याची वर्दी देणारी डबी असते. आत सिमकार्ड असतं. पैसे जमा झाले की सर्व्हरकडून निरोप येतो आणि आधीच तयार असलेले आवाजाचे तुकडे जोडून वाक्य होतं: कंपनीचं नाव, रक्कम, ‘प्राप्त हुए’. अनेक भारतीय भाषा निवडता येतात, मराठीही. २०२३ मध्ये फोनपेने या डबीतही बच्चन यांचा आवाज आणला. दुकानदाराला या डबीचा फायदा खरा आहे: खोटा स्क्रीनशॉट दाखवून कोणी निसटत नाही आणि हात तेलात असताना फोन बघावा लागत नाही. पण दिवसभरात शेकडो वेळा उच्चारलं जातं ते पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं नाव. ज्याच्या हातच्या भुट्ट्याच्या किसासाठी लोक रांगेत उभे आहेत त्याचं नाव डबी एकदाही घेत नाही. वाक्यात ते जोडणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही.

दुसऱ्याच्या आवाजावर घर बांधलं की ते एका दिवसात पडू शकतं, याचाही दाखला आहे. गूगल असिस्टंटवर कंपन्यांना आपापले बोलके कार्यक्रम करता येत. बँका, रेसिपीवाले, वृत्तपत्रं अशा कितीतरी जणांनी ते केले. १३ जून २०२३ रोजी गूगलने ही सोयच बंद केली. २०२५ च्या मार्चमध्ये तर फोनवरच्या असिस्टंटची जागा गूगलचाच नवा मदतनीस जेमिनी घेणार असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, एप्रिल २०१७ मध्ये, बर्गर किंगने १५ सेकंदांची एक टीव्ही जाहिरात केली होती, जिच्या शेवटी नट ‘ओके गूगल’ म्हणून व्हॉपर बर्गर काय असतं असं विचारायचा. घरोघरचे स्पीकर जागे होऊन विकिपीडियावरची माहिती वाचू लागले, टवाळांनी विकिपीडियाचा तो लेख बदलून टाकला आणि काही तासांत गूगलने त्या जाहिरातीला उत्तर देणं थांबवलं. लोकांच्या घरात न विचारता शिरणं गैरच होतं. पण कोणत्या ब्रँडला बोलू द्यायचं हे कोणाच्या हातात आहे, तेही त्या दिवशी कळलं.

आता इंदूरच्या छोट्या उत्पादकांकडे येऊ, कारण फटका त्यांना आधी बसतो. शेव-चिवडा, पापड, लोणची, आणि मराठी बचत गटांचे मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. हिंदीवर लावलेल्या यंत्रात ‘गोडा मसाला’ सहज ‘घोडा मसाला’ होऊ शकतो. मोठी कंपनी जाहिरातींवर पैसा ओतून नाव यंत्राच्या गळी उतरवेल. छोट्याने काय करावं?

आधी नावाची परीक्षा घ्यावी. वेगवेगळ्या वयाची वीसेक माणसं गाठावीत, त्यांतली निम्मी हिंदीभाषक असावीत. एक फोन हिंदीवर लावावा, एक मराठीवर. एक, तीन आणि पाच मीटरवरून, एकदा शांततेत आणि एकदा पंखा-मिक्सर चालू ठेवून, प्रत्येकाला ‘अमुकचा गोडा मसाला पाव किलो’ असं पूर्ण वाक्य म्हणायला लावावं. नुसतं नाव म्हणायला लावू नये. माणसं सुटं नाव जपून उच्चारतात आणि वाक्यात गिळतात. यंत्राने काय लिहिलं ते जसंच्या तसं टिपून घ्यावं. दहातून तीन-चारदा चुकत असेल तर दोष लोकांच्या जिभेचा नाही, नावाचा आहे.

मराठी आणि हिंदी उच्चार जिथे फुटतात अशी अक्षरं नवीन नावात टाळलेली बरी. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’. ‘अमृत’ आपल्याकडे ‘अम्रुत’, तिकडे ‘अम्रित’. ‘ळ’ तर प्रमाण हिंदीत नाहीच. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च आपल्याला वेगळे ऐकू येतात, हिंदीवर घडलेल्या यंत्राला नाही. जुनं नाव मात्र बदलू नये. त्याची पुण्याई मोठी असते. त्याऐवजी परीक्षेत मिळालेले चुकीचे उच्चार विक्रीच्या संकेतस्थळावर शोधशब्दांच्या रकान्यात भरावेत. इथे एक खाच आहे. या रकान्याची मर्यादा पुष्कळदा अक्षरांत नसून बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणुकीच्या मापात, मोजतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा-अनुस्वारासकट, तीन बाइट खाते. ‘शेंगदाणे’ देवनागरीत २४ बाइट होतात, तोच शब्द रोमनमध्ये नऊ अक्षरांत, म्हणजे नऊ बाइटमध्ये बसतो. म्हणून वस्तूचं मुख्य नाव दोन्ही लिप्यांत द्यावं आणि चुकीचे उच्चार फक्त रोमनमध्ये. भगर विकणाऱ्याने भगर, वरई, मोरधन, समा ही चारही नावं घालावीत. बारकोड, निव्वळ वजन, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांक हे रकाने रिकामे असलेली नोंद यंत्र मागे टाकण्याचीच शक्यता जास्त, कारण आवाजात एकच उत्तर द्यायचं असल्यामुळे ते अर्धवट माहितीवर जोखीम घेत नाही.

आणि पाकिटावर ठळक ओळ छापावी: ‘मागताना असं म्हणा’. पुढे कंपनीचं नाव आणि वस्तू, एका दमात म्हणता येईल असं. गिऱ्हाइकाने नाव घेतलं, तर चौथ्या पायरीवर यंत्राला हात घालायला फारशी जागा उरत नाही. नाव न घेता मागणं म्हणजे कोरा चेक.

एवढं करूनही हा एकेकट्याने सोडवायचा प्रश्न नाही.

पाकिटावर काय छापायचं याचे आपले नियम कडक आहेत. २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं. खाद्यपदार्थांवर शाकाहारी-मांसाहारी खूण लागते. ऑनलाइन दुकानांनाही यातली बहुतेक माहिती पडद्यावर दाखवावी लागते. आवाजातून विकताना यातलं काय बोलून दाखवायचं, हे मात्र स्पष्टपणे कुठे सांगितलेलं नाही. हिरवा ठिपका कानाला दिसत नाही. समजा, ५०० ग्रॅमचं १२० रुपयांचं पाकीट गुपचूप ४५० ग्रॅमचं झालं आणि किंमत तीच राहिली. किलोचा भाव २४० वरून जवळजवळ २६७ रुपये झाला, म्हणजे ११ टक्के वाढ. दुकानात पाकीट हातात घेणाऱ्या बाईला वजनातला फरक कधी ना कधी जाणवतो. ‘नेहमीचं मागव’ म्हणणाऱ्याला पाकीट घरी आल्यावरही जाणवेलच असं नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत: खोटी घाई लावणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, जाहिरात लपवून दाखवणं वगैरे. व्याख्या आवाजालाही लागू करता येईल इतकी रुंद आहे, पण उदाहरणं मुख्यतः पडद्यावरच्या बटणांची आहेत. तिथे आवाजासाठी वेगळी पुरवणी जोडायला हवी. तिच्यात फार काही लागणार नाही. गिऱ्हाइकाने ब्रँड सांगितला नसेल तर पहिल्या खरेदीला यंत्राने विचारलं पाहिजे. स्वतःहून नाव सुचवलं तर कारण त्याच वाक्यात आलं पाहिजे: मागच्या वेळचं आहे, जाहिरातीचं आहे, की आमच्याच कंपनीचं आहे. वजन किंवा किंमत मागच्यापेक्षा बदलली असेल तर तो बदल आधी, बाकी सगळं नंतर. खाण्याच्या वस्तूत शाकाहाराची खूण उच्चारली पाहिजे. आणि जितक्या शब्दांत ऑर्डर देता येते तितक्याच शब्दांत ती रद्द करता आली पाहिजे.

कंपन्या म्हणतील, एवढं लांबण लोक ऐकणार नाहीत. ‘मीठ, एक किलो, मागच्याच कंपनीचं, दोन रुपये वाढले आहेत, घालू का?’ हे वाक्य म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. काही बदललं नसेल तर त्याहून कमी. ज्या यंत्राला सकाळी विनोद सांगायला अर्धं मिनिट मिळतं त्याला हे जड नाही.

याच्या विरुद्ध बाजूने एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्यांना दिसत नाही, ज्यांची बोटं थरथरतात, देवनागरी टाइप करणं ज्यांना कधी जमलंच नाही, ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरात आहेत, त्यांच्यासाठी बोलकं यंत्र मोठा आधार आहे. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये फोनवर मराठी समजू लागला, ही लहान गोष्ट नव्हती. माझा आग्रह आहे तो याच लोकांसाठी. पडदा पाहून पडताळा घेणं ज्यांना शक्य नाही त्यांना आवाजानेच सगळं खरं सांगायला हवं. तरुण माणूस ॲप उघडून बघून घेईल. आजीला तो आवाजच काय तो दुकान, पाकीट आणि पावती.

भाषेच्या बाबतीत इंदूरकर मराठी माणसाच्या हातात एक हत्यार आहे, त्याची कोणी फारशी दखल घेतलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. हा हक्क राज्याच्या राजभाषेला बांधलेला नाही. मध्य प्रदेशात राहूनही मराठीत सूचना मागता येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ज्या उपकरणाशी बोलायचंच असतं त्याची सूचना बोलून मिळावी, ही मागणी याच मुदतीत लावून धरायला हवी. याच कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती करायला मनाई आहे. दिवाणखान्यातल्या स्पीकरशी मुलंही भरपूर गप्पा मारतात. अमेरिकेत मुलांच्या आवाजाच्या नोंदी गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या आरोपावरून अॅमेझॉनला २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर दंड भरावा लागला.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरात अर्ध्या तासाचं काम आहे. अलेक्साच्या ॲपमध्ये ‘मोर’मधून सेटिंग्ज, मग अकाउंट सेटिंग्ज आणि तिथे बोलून खरेदी करण्याचा पर्याय सापडतो का ते पाहावं. तो बंद करावा, नाहीतर चार अंकी कोड लावावा आणि तो मुलांसमोर म्हणू नये. सूचनांच्या भागात खरेदीच्या सूचना बंद केल्या की ‘तुमचा साबण संपत आला असेल’ अशी आठवण करून देणारा पिवळा दिवा लागायचा थांबतो. गोपनीयतेच्या भागात आवाजाच्या नोंदी किती काळ ठेवायच्या ते निवडता येतं; तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं कारण नाही. याच भागात जुन्या नोंदी ऐकताही येतात. एकदा ऐकाव्यात: हाक न मारताच यंत्र कितीदा जागं झालं होतं ते कळतं. गूगलच्या खात्यात आवाजाची नोंद साठवण्याचा पर्याय वेगळा असतो, तो बंद आहे ना हे पाहावं. किराण्याची यादी बोलून करावी, पण ऑर्डर पडदा पाहून द्यावी. आणि वस्तू मागताना नाव घ्यावं.

चुकीचा माल आला आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीत ‘यंत्राला कळलं नाही’ असं लिहू नये. आपण कोणते शब्द म्हटले, ॲपच्या नोंदीत कोणते लिहिलेत आणि कोणती वस्तू आली, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिल्या दोन जुळत असतील आणि तिसरी वेगळी असेल, तर प्रश्न उच्चाराचा नव्हता हे कागदावर सिद्ध होतं.

हे सगळं आता तातडीचं झालं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, ऑनलाइन पैसे देण्याची सोय पुरवणारी रेझरपे आणि चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतूनच खरेदी करून यूपीआयने पैसे चुकते करण्याचा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला आणि बिगबास्केट त्यातल्या पहिल्या दुकानांपैकी आहे. यात पैसे आधी राखून ठेवायची सोय आहे, म्हणजे प्रत्येक खरेदीला पिन टाकायला नको. आजवर निदान पैसे देताना माणूस क्षणभर थांबायचा, रक्कम बघायचा, कधी मन बदलायचा. तो क्षणही गेला तर नाव भरणारा, भाव ठरवणारा आणि पैसे देणारा एकच होईल. म्हणून पैसे राखून ठेवायची परवानगी घेतानाच यंत्राने दोन गोष्टी विचाराव्यात, अशी अट रिझर्व्ह बँकेने आणि ग्राहक प्राधिकरणाने मिळून घालायला हवी: कोणत्या वस्तू कोणत्या कंपनीच्याच घ्यायच्या, आणि ती नसली तर दुसरी घ्यायची की तसंच परत यायचं. किराणा आणायला पोराला दुकानात धाडताना आपण हेच दोन प्रश्न आधी निकालात काढतो.